मजुरीकडून किमतीकडे : हस्तव्यवसायांच्या अर्थशास्त्रात शिरताना

येवल्याच्या बाजारात एकाच नक्षीच्या दोन साड्या शेजारीशेजारी उलगडून बघता येतात. दोन्हींच्या पदरावर मोर, दोन्हींच्या काठाला मुनिया, रंगही तोच. एकीची किंमत चार आकड्यांत संपते. दुसरीची पाच आकड्यांत सुरू होते आणि पदर भरगच्च असेल तर सहा आकड्यांतही जाते. पहिलीला दुकानदार ‘सेमी पैठणी’ म्हणतो. फरक समजून घ्यायचा तर साडी उलटी करावी लागते. यंत्रमागावरच्या साडीच्या मागल्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे धावताना किंवा कापून टाकलेले दिसतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीची मागली बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. तिच्यात प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या आकृतीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे फिरतो. मोराच्या मानेतून जाणाऱ्या एका आडव्या ओळीसाठी विणकराला रेशमाच्या कितीतरी छोट्या कांड्या एकेक करून उचलाव्या, सरकवाव्या आणि खाली ठेवाव्या लागतात. मग पुढची ओळ.

दोन साड्यांच्या किमतींत एवढे अंतर का, हा प्रश्न हातमागाच्या कुठल्याही प्रदर्शनात दिवसभर ऐकू येतो. विक्रेत्यांची उत्तरेही ठरलेली असतात : मेहनत आहे, परंपरा आहे, प्रत्येक नग वेगळा आहे. ही उत्तरे खोटी नाहीत, पण त्यांनी कशाचाच उलगडा होत नाही. मेहनत तर ऊसतोडीतही आहे, परंपरा केरसुणी बांधण्यालाही आहे आणि बुरुडाने विणलेली दोन सुपे कधीच तंतोतंत सारखी नसतात. तरी सूप महाग नाही. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला, कार्यकर्त्याला किंवा नुसत्या कुतूहलाने आलेल्या वाचकाला पहिल्याच पानावर एक गोष्ट सांगून ठेवतो. वस्तू हाताने केली म्हणून ती महाग होत नाही. तिच्यात गेलेला वेळ कोणाचा आहे आणि त्या माणसाला तो वेळ दुसरीकडे याहून चांगल्या भावाने विकता येतो का, यावर तिची किंमत ठरते. पुढचे सगळे विवेचन या एका विधानाची तपासणी आहे.

आधी साधा हिशेब करू. समजा, मध्यम नक्षीच्या एका पैठणीसाठी माग ४० दिवस अडतो आणि विणकराला दिवसाला ५०० रुपये पडतात. आकडे माझे आहेत, हिशेब दिसावा म्हणून घेतलेले. एका साडीवर २०,००० रुपये मजुरी झाली. दहा साड्या विणल्या तर दोन लाख, शंभर विणल्या तर वीस लाख. शंभरावी साडी पहिलीपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही, कारण हात थोडा सरावतो, पण कांड्या तेवढ्याच वेळा उचलाव्या लागतात. यंत्रमागाची रचना उलटी आहे. तिथे माग, नक्षीची यंत्रणा, शेड, वीजजोडणी असा मोठा खर्च आधीच होऊन जातो. त्यानंतर तेवढीच लांबी काही तासांत उतरते आणि एक कामगार एकाहून अधिक माग सांभाळतो. सुरुवातीचा खर्च जितक्या जास्त नगांवर वाटला जाईल तितका प्रत्येक नग स्वस्त. यंत्राला म्हणून गर्दी हवी असते, आणि हातमागाला गर्दीचा फायदा नाही.

या हिशेबात दोन गोष्टी सहसा सुटतात. पहिली अडकलेल्या पैशाची. बंगळूरकडचे रेशीम आणि सुरतेची जर रोखीने किंवा उधारीवर आणायची, ती चाळीस दिवस मागावर, मग लग्नसराई येईपर्यंत कपाटात. तेवढ्या काळाचे व्याज कोणीतरी भरतेच. दुसरी गोष्ट नफ्याच्या टक्केवारीची. मालक आणि दुकानदार आपला वाटा बहुधा टक्क्यांत लावतात, त्यामुळे विणकराच्या मजुरीत हजार रुपये वाढले की गिऱ्हाइकापर्यंत पोचेस्तोवर ते हजारावर थांबत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्यावर टक्के चढतात. ‘मजुरी वाढवली तर माल खपणार नाही’ असे व्यापारी म्हणतो तेव्हा तो नेहमीच खोटे बोलत नसतो. पण टक्क्यांची ही पद्धत त्यानेच घातलेली आहे, हे तो सांगत नाही.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके इथे ॲडम स्मिथकडे नेतात. १७७६ च्या ग्रंथात त्याने टाचण्यांच्या एका लहान कारखान्याचे वर्णन केले आहे. दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करत. प्रत्येकाने आपापली टाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली असती तर त्याच्या मते दिवसाला माणशी वीसही झाल्या नसत्या. या उदाहरणातली एक बाब घाईत नजरेआड होते : त्या कारखान्यात यंत्रे नावापुरतीच होती, काम हातांनीच चालले होते. एकसारखा आणि मुबलक माल आधी श्रमविभागणीतून निघाला, वाफेचे यंत्र नंतर आले. आणि श्रमविभागणी आपल्या हस्तव्यवसायांतही जुनीच आहे. कोल्हापुरी चप्पल एकटा माणूस करत नाही. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवणारा वेगळा, तळ आणि कान कापणारा वेगळा, वेणी घालणाऱ्या बहुधा घरातल्या बायका, वादीने शिवणारा आणखी कोणी. मग इथे तोच चमत्कार का झाला नाही? एक कारण कातड्यात आहे. वनस्पतिजन्य कमावणीला आठवडे लागतात आणि कितीही माणसे लावली तरी साल आपल्याच गतीने मुरते. दुसरे कारण आपल्या समाजात आहे. ही विभागणी जातींत आणि घरांत झाली होती. स्मिथच्या कारखान्यातला माणूस तार ओढायचे सोडून टोक घासायला बसू शकत होता. कातडे कमावणाऱ्या ढोराला आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकाराला तशी मुभा नव्हती.

वेळ आकसत नाही ही गोष्ट सिद्धान्त म्हणून सर्वांत नेटकी मांडली ती विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी, १९६६ च्या त्यांच्या पुस्तकात. विषय हस्तकलांचा नव्हता, रंगमंच आणि संगीत यांचा होता. चार वादकांची एखादी रचना वाजवायला दीडशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढी मिनिटे लागत तेवढीच आजही लागतात. दरम्यान कारखान्यातला कामगार तासाला कितीतरी पट अधिक माल काढू लागला, त्याचा पगार वाढला. वादकाला वादक म्हणून टिकवायचे तर त्याचाही पगार वाढवावा लागतो. म्हणजे वादनात काहीही न बदलता वादन महाग होत जाते. बाकीचे जग स्वस्त झाले, हेच त्याच्या महागाईचे कारण.

आपल्याकडे याचे चांगले उदाहरण मिरजेचे. सतारी आणि तानपुरे करणाऱ्यांची तिथे परंपरा आहे, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याचा भोपळा शेतात वाढतो, मग त्याला वाळायला वेळ द्यावा लागतो. तुंबा, गळा, तबली, घोडी हे सगळे जमल्यावरही वाद्य मुके असते. घोडीचा पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत घासून जवारी काढावी लागते आणि या कामाची गती गेल्या शंभर वर्षांत वाढलेली नाही. वाढायला हवी असे कुठल्या गवयाला वाटत असेल असेही नाही. पण कारागिराच्या मुलाला आज मिरजेतच किंवा पुण्यात दुसरे काम मिळते, त्या कामाचा पगार त्याला ठाऊक आहे. तानपुऱ्याच्या किमतीत त्या दुसऱ्या पगाराची सावली असते. शेजारी पिशवीत मावणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, मोबाइलवर तर तो जवळजवळ फुकट आहे. तरी खरा तानपुरा खपतो, कारण काही लोकांना तोच हवा असतो. बॉमोलचा सिद्धान्त इथे चपखल बसतो.

आणि इथेच थांबलो तर या क्षेत्राचा अर्धाच भाग कळेल. बॉमोलचा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे : वादकाला दुसरीकडे जाता येते. जाता येत नसेल तर?

त्याचे उत्तर एका शतकाआधी कार्ल मार्क्सने देऊन ठेवले होते. ‘कॅपिटल’च्या १८६७ मधल्या पहिल्या खंडात इंग्लंडच्या हातमाग विणकरांचे उदाहरण येते. यंत्रमाग आल्यावर सुताचे कापड करायला समाजाला पूर्वीच्या निम्म्याच श्रमाची गरज उरली असे तो धरतो. हातमागवाल्याला तेवढेच तास बसावे लागत होते, पण त्याच्या एका तासाच्या कामाला आता अर्ध्या तासाचेच मोल उरले. लँकेशायरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हेच घडले. हाताने विणलेले कापड महाग झाले नाही. त्याला गिरणीच्या भावाशी झुंजावे लागले आणि ती झुंज विणकराच्या ताटातून लढली गेली. एकाच परिस्थितीतून बॉमोल किंमत वर जाताना दाखवतो आणि मार्क्स मजुरी खाली येताना. दोघेही बरोबर आहेत. कोण कुठे लागू पडतो हे त्या माणसापुढे दुसरी कोणती वाट आहे त्यावर अवलंबून असते.

सोलापुरात हे दोन्ही प्रवाह एकाच घरात बघायला मिळत. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला कापडाचे शहर केले. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल निघू लागले. अनेक घरांत पुरुष मागावर आणि बायका विडीवर अशी वाटणी झाली. विडी पूर्णपणे हाताची वस्तू आहे. तेंदूचे पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, जर्दा भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे. प्रत्येक विडी कोणाच्या तरी बोटांतून गेलेली असते. सिगारेट यंत्रावर मिनिटाला हजारोंनी निघते. तरी विडी स्वस्त आणि सिगारेट महाग. करांचा यात मोठा भाग आहे हे खरे, पण कर बाजूला ठेवले तरी ‘हाताचे ते महाग’ हा नियम विडीपुढे टिकत नाही. विडी स्वस्त आहे कारण ती वळणारी बाई घराबाहेर जाऊ शकत नाही, किंवा जाऊ दिली जात नाही. स्वयंपाक, मूल आणि पाणी भरणे यांच्या मधल्या फटींतला तिचा वेळ बाजाराने जवळजवळ फुकटात धरलेला आहे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. जो माल ‘छाट’ म्हणून नाकारला जातो त्याचे श्रम बुडतात. बॉमोल आणि बोवेन यांचे पुस्तक आले त्याच १९६६ साली आपल्या संसदेने विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. योगायोगच, पण दोन्ही पुस्तके, म्हणजे एक ग्रंथ आणि एक कायदा, शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते.

विडी हे टोकाचे उदाहरण म्हणून सोडून देता येईल, पण आकडे तसे सोडू देत नाहीत. २०१९–२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी होते. माणसाचे नव्हे, कुटुंबाचे. शहरातल्या दालनात ज्या कापडाला आपण महाग म्हणतो ते विणणाऱ्याची ही मिळकत. तेव्हा ‘हातची वस्तू महाग का’ या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न विचारावा लागतो : एवढी महाग असून ती करणारा गरीब का? माझ्या मते या क्षेत्राचा खरा प्रश्न हा दुसरा आहे. पहिला फक्त दारावरचा.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ शोधताना महाराष्ट्राच्या अभ्यासकाला बलुत्याकडे जावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा, आणि आजही या विषयाला त्याच्याइतके चांगले मराठी प्रवेशद्वार नाही. सुताराने नांगर केला, कुंभाराने मडकी दिली, चांभाराने मोट शिवली, तर नगाला भाव नसे. सुगीत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्यात सालभराची दुरुस्ती आली, अडीअडचण आली, सणावाराचा मानपानही आला. म्हणजे गावातल्या बहुतेक हातच्या वस्तूंना शतकानुशतके सुटी किंमतच नव्हती. आत्र्यांचा सूर बलुतेदारांवर कित्येक ठिकाणी कडक आहे, वाचताना ते ध्यानात ठेवावे. या व्यवस्थेत दुष्काळातही वाट्याचा हक्क असे, असे तिचे कौतुक करणारे आहेत. पण तो हक्क जन्माने गळ्यात पडत होता आणि जन्मानेच बाहेरची वाट बंद होत होती. आजही आठवडी बाजारात बुरुडाच्या टोपलीवर दहा रुपयांसाठी घासाघीस होते आणि शेजारच्या प्लास्टिकच्या बादलीवर होत नाही. बादलीच्या किमतीला कारखान्याचा अधिकार आहे. टोपलीच्या मागे बसलेल्याचे काम अजून पुरते विकाऊ मानले गेलेले नाही, ‘त्यांचेच ते काम’ असे मानले गेले आहे. हे माझे मत आहे, मोजलेला निष्कर्ष नव्हे. कोणी मोजायला घेतले तर या क्षेत्राचे भलेच होईल.

मोजण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे मात्र कोणी समजू नये. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२४ चा. शहरी कारागीर कसे आणि का मागे पडले याची चर्चा त्यात शतकापूर्वी झालेली आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने १९३६ साली एन. एम. जोशी यांचा दख्खनमधल्या शहरी हस्तव्यवसायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अलीकडे तीर्थंकर रॉय आणि डग्लस हेन्स यांनी जुनी समजूत बरीच हलवली. इंग्रजी माल आला आणि हस्तव्यवसाय मेले, एवढी सरळ ती गोष्ट नव्हती असे त्यांचे संशोधन सांगते. काही मेले, काहींनी हत्यारे बदलली, काही लहान कारखानदार झाले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांचे यंत्रमाग आकाशातून पडले नाहीत. तेही बऱ्याच अंशी विणकरांच्याच वस्त्यांत उगवले.

किंमत खालून बांधत आणायची की वरून कापत न्यायची, हा वाद या क्षेत्रात वारंवार येतो. त्याचा एक महत्त्वाचा प्रसंग वर्ध्याचा आहे. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे प्रश्न ठेवला : कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी जे मिळते त्यात तिचे पोट भरते का? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. तोपर्यंत खादी स्वस्त करून गिरणीच्या कापडाशी स्पर्धा करावी याकडे कल होता. गांधीजींनी क्रम उलटा केला : आधी जगण्यापुरती मजुरी ठरवा, मग जी किंमत येईल ती येऊ द्या. खादी खपणार नाही ही भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली आणि ती अनाठायी नव्हती. प्रत्यक्षात ठरलेला दर आठ आण्यांच्या बराच खाली राहिला. तरीही हा प्रसंग मला सिद्धान्तांइतकाच मोलाचा वाटतो, कारण इथे एका मोठ्या उत्पादक संस्थेने किमतीचा हिशेब उघडपणे मजुरीपासून सुरू केला. आज ‘न्याय्य व्यापार’ म्हणून जे बोलले जाते त्यातला बराच भाग त्या चर्चेत होता. इंग्लंडात विल्यम मॉरिस या पेचात आधीच सापडला होता. समाजवादी असलेल्या त्याच्या कार्यशाळेतल्या हातच्या वस्तू श्रीमंतांनाच परवडत.

हात कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होते हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्यावर पैसा अवलंबून असतो. पेणच्या गणेशमूर्ती घ्या. प्लास्टर असो की शाडू, मूर्ती साच्यातून निघते, म्हणजे अर्धे काम यंत्राच्या तत्त्वावर चालते. पुढचे रंगकाम आणि डोळ्यांची आखणी मात्र हाताची, आणि डोळे आखणाऱ्याला कारखान्यात वेगळा मान असतो. शाडूची मूर्ती महाग पडते ती कलाकुसर जास्त म्हणून नव्हे. ती जड असते, सावकाश वाळते, तितके दिवस जागा अडवते आणि प्रवासात फुटते. हाताच्या वस्तूच्या किमतीतला केवढा तरी भाग अशा नीरस गोष्टींचा असतो. अभ्यासकांनी त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. कलेविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, वाळवणाच्या जागेच्या भाड्याविषयी कोणी लिहीत नाही.

कापडाच्या बाबतीत ही सीमा कायद्याने आखली. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारची कापडे फक्त हातमागासाठी राखून ठेवली. सुरुवातीला असे २२ प्रकार होते, पुढे ११ उरले. यंत्रमागवाल्यांनी आव्हान दिले, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कायदा उभा राहिला तरी बाजारात त्याची पकड किती आहे हे येवल्यातल्या कुठल्याही दुकानात समजते.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण दिले. यंत्राचा चमचा तेच काम करतो, पण हाताच्या चमच्यातले बारीकसे वेडेवाकडेपण हीच त्याच्या महागपणाची जाहिरात ठरते, असे त्याचे म्हणणे. पैठणीला हे लागू नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लग्नात पैठणी नेसली जाते ती दिसावी म्हणूनच. पण व्हेब्लेनला सगळेच गिऱ्हाईक दिखाऊ वाटते, हे मला पटत नाही. तानपुरा घेणारा गवई जवारी ऐकून घेतो. आणि आईची पैठणी चाळीस वर्षांनी मुलगी नेसते तेव्हा तिची किंमत वर्षांत वाटली जाते. हा हिशेब बायका व्हेब्लेनपेक्षा बारकाईने करतात.

गिऱ्हाइकाची खरी अडचण अज्ञानाची आहे. जॉर्ज अकेरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. चांगली आणि खराब गाडी गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. गाडीच्या जागी पैठणी ठेवून पाहा. सेमी पैठणी स्वस्त आहे यात तिचा दोष नाही. ज्यांना ती परवडते त्यांनी ती हौसेने नेसावी. बिघडते ते ती पैठणी म्हणून विकली जाते तेव्हा. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा हे अज्ञान कमी करण्यासाठीच आहे. पण मानांकन गावाची आणि पद्धतीची हमी देते, विणकराच्या मजुरीची नाही. मानांकनाने किंमत वाढली तरी वाढीतला वाटा मागापर्यंत पोचेलच असे नाही.

कोल्हापुरी चपलेचे मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तिच्या घडणीच्या चपला दाखवल्या आणि मूळ सांगितले नाही. ओरड झाल्यावर मान्य केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच दोन हजार जोड करून घेण्याचे आणि ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे कंपनीने जाहीर केले. वृत्तपत्रांत यावर अस्मितेची चर्चा झाली. आपल्या कामाचा प्रश्न निराळा आहे. कातडे, वेणी, वादी आणि हात तेच असताना कोल्हापुरात हजार-दोन हजारांना जाणारा जोड तिकडे कितीतरी पटींनी महाग होतो, तेव्हा मधल्या रकमेत नाव, दुकानाचे भाडे, खात्री आणि दुर्मिळता यांचे वाटे किती, आणि वेणी घालणाऱ्या बाईचा किती? हाताने केल्यामुळे वस्तू महाग होते असे मानणाऱ्याने हा फरक समजावून सांगावा. हात दोन्हीकडे एकच आहेत.

या क्षेत्रात येणाऱ्याला अर्थशास्त्र यायलाच हवे असे नाही. इतिहासाचे, समाजशास्त्राचे, वस्त्रविद्येचे विद्यार्थी इथे सारखेच उपयोगी पडतात. सुरुवात वाचनाने केली तरी चालेल, पण लवकरात लवकर एखाद्या मागापाशी, भट्टीपाशी किंवा रापीच्या ठोकळ्यापाशी जाऊन बसावे. तिथे गेल्यावर वस्तूची किंमत विचारू नये, ती दुकानातही कळते. मजुरी कशी मिळते ते विचारावे : नगावर, दिवसावर की उचलीतून वळती होऊन? उचल कधी घेतली होती आणि फिटायला किती बाकी आहे? कांड्या कोण भरते, ताणा कोण लावते, आणि त्याचे वेगळे पैसे धरतात का? कामगाराने हे काम सोडले तर त्याच दिवशी, त्याच गावात त्याला दुसरे काय मिळेल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला लोक वेळ घेतात, घाई करू नये. हिशेबाची वही कोणाकडे असते तेही पाहावे. मालकाकडे एक आणि विणकराकडे दुसरी असेल, आणि दोन्हींतले आकडे जुळत नसतील, तर दोन्ही उतरवून घ्याव्यात.